मन शिकायला परवाना कशाला?

ऑगस्ट २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरातल्या विद्यापीठांना कळवले की, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवणे बंद. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली जो कायदा झाला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ हा व्यवसाय आहे. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र यांच्याबरोबर मानसशास्त्रही बंद विषयांत गेले. या सूचनेतला एक तपशील मात्र फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. बीएची पदवी अनेक विषयांत घेता येते, तिथे काय करायचे हेही आयोगाने सांगून ठेवले आहे. इंग्रजी, अर्थशास्त्र, इतिहास, गणित, तत्त्वज्ञान, संख्याशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र हे विषय चालू राहतील, त्यातून मानसशास्त्र तेवढे काढायचे. घर, शेती आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईला आता संख्याशास्त्र शिकता येईल, तत्त्वज्ञान शिकता येईल. पण आपल्याला गोष्टी आठवतात कशा आणि आपण विसरतो कशा, हे पदवीसाठी शिकता येणार नाही.

यावर आमच्या प्राध्यापक मंडळींत आणि एकूणच जो वाद झाला, तो ऐकून मी अस्वस्थ आहे. एक बाजू म्हणते, बरे झाले, घरबसल्या पदवी घेऊन समुपदेशनाची पाटी लावणाऱ्यांना चाप बसला. दुसरी म्हणते, देशात मनाचे डॉक्टर आधीच कमी, त्यात ही दारे बंद केली तर माणसे आणायची कुठून? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण एक गोष्ट दोघींनीही न तपासता मान्य केली आहे: मानसशास्त्रातली बीए म्हणजे उपचारकाच्या जिन्याची पहिली पायरी. मला हे गृहीतकच मान्य नाही. पदवीच्या पातळीवरचे मानसशास्त्र हे माणसाविषयी कोणी काही ठामपणे सांगितले, तर ते खरे की खोटे हे कसे पारखायचे, याचे शिक्षण आहे. उपचार करायला परवाना जरूर हवा आणि तो आजच्यापेक्षा कडक हवा. हा विषय शिकायला मात्र परवाना लागू नये. तो मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून घ्या, मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून घ्या, वर्गात बसून शिका की अभ्यासकेंद्रावर येऊन शिका. वाट मोकळी राहिली पाहिजे.

आधी समोरच्यांचे खरे तेवढे मान्य करतो. बोगस समुपदेशक ही काही कल्पनेतली भीती नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा आता दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेली माणसे तासाचे पैसे घेतात. नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ‘गोळ्या सोडा, विचार बदला’ म्हणून सांगतात. अशा सल्ल्यानंतर गोळ्या सोडून दिलेली आणि पुन्हा अंथरुणाला खिळलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही, त्यामुळे ‘नियमन नकोच’ असे मी कधीच म्हणणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असे आढळले होते. एवढी मोठी पोकळी असली की तिच्यात कोणीही शिरतो.

पण शिरणारा कोण आहे, हेही नीट बघू या. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचे हे लिहिलेले आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता, किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर परिषदेची मान्यता असलेले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल.चे प्रशिक्षण लागते. बीए झालेला माणूस त्या दारापासून काही वर्षे दूर उभा असतो. शिबिराचे प्रमाणपत्र लावणाऱ्याला तर बीएची गरजच पडत नाही, तो मानसशास्त्राच्या वर्गात कधी आलेलाच नसतो. मग बीएचे दार लावून त्याची पाटी खाली कशी उतरणार? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार झाला. पाटी लावणाऱ्याकडे जाऊन ‘तुझी नोंदणी दाखव’ असे विचारणारी यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत उभी करणे अवघड आहे, खर्चाचे आहे. अभ्यासक्रमांच्या यादीतून एक नाव खोडणे सोपे आहे.

हा पेच काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाखो सैनिक परतले, त्यांतल्या कित्येकांची मने मोडली होती आणि उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची एकाएकी प्रचंड गरज निर्माण झाली. घाईघाईने कोणालाही उभे करण्याचा मोह तेव्हाही होता. १९४९च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर या गावी त्या क्षेत्रातली मंडळी जमली. उपचार करणारा आधी संशोधक म्हणून घडला पाहिजे आणि त्याचे शिक्षण पीएचडीच्या पातळीवर झाले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. दार त्यांनी वरच्या मजल्यावर बसवले. खालच्या मजल्यावर, म्हणजे पदवीच्या वर्गात, पुढे कायदा, व्यापार, शिक्षण, पत्रकारिता यांकडे जाणारी मुले मानसशास्त्र शिकत राहिली. आपल्याकडेही कायदे पाहिले तर दार वरच्या मजल्यावरच आहे. मग जिन्याच्या तळाशी कुलूप कशासाठी?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो माझ्या घरातला आहे. ‘प्रयोगशाळा नसताना मानसशास्त्र कसले शिकवता?’ प्रश्न रास्त आहे. हा विषय आपल्या देशात आला तोच प्रयोगशाळेच्या दाराने. १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. त्याची धुरा ज्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांकडे आली, ते हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकून आलेले होते आणि म्युन्स्टरबर्ग हा मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढणाऱ्या लाइपझिगच्या व्हुंटचा विद्यार्थी. पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर १९५०मध्ये प्रा. वा. कृ. कोठुरकरांनी जो विभाग उभा केला, त्याचे नावच प्रायोगिक मानसशास्त्र विभाग असे होते. त्या परंपरेत वाढलेल्या कोणालाही दूरस्थ शिक्षणात प्रात्यक्षिकांचे जे होते ते बघवणार नाही. एका अभ्यासकेंद्रावर मी तपासायला गेलो तेव्हा तीस प्रयोगवह्यांमध्ये प्रतिक्रियाकालाचे, म्हणजे इशारा मिळाल्यापासून प्रतिसाद द्यायला लागलेल्या वेळाचे, आकडे मिलिसेकंदापर्यंत सारखे होते. कोणीतरी एकदा लिहिले, बाकीच्यांनी उतरवून काढले. ज्या विषयाचा कणाच प्रामाणिक निरीक्षण आहे, त्या विषयात हे घडावे याची लाज मला आजही वाटते. पण यावर उपाय म्हणजे प्रात्यक्षिक नीट करून घेणे, विषय खोडणे नव्हे. भूगोलालाही प्रात्यक्षिके आहेत, तिथे कोणी विषय खोडला नाही. महिन्यातून दोन रविवार सक्तीचे संपर्कसत्र ठेवा, हजेरी घ्या, तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाकडून घ्या. हे होऊ शकते, कारण मी ते होताना पाहिले आहे.

आमच्या गावच्या हायस्कुलातल्या एका खोलीत रविवारचे संपर्कसत्र चालायचे. साहित्य म्हणजे एक आरसा, लाकडी स्टँड, हात झाकणारी एक फळी आणि दुहेरी रेषेत छापलेली चांदणी. हाताकडे थेट न पाहता, फक्त आरशात बघून, दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पेन्सिल रेषेबाहेर गेली की एक चूक. त्या बॅचला एक अंगणवाडी सेविका होत्या, तासाभराचा एसटीचा प्रवास करून यायच्या. पहिल्या खेपेला त्यांच्या चाळीसच्या वर चुका झाल्या. कोपऱ्याशी आले की पेन्सिल थरथरायची आणि नेमकी उलट्या दिशेला पळायची. ‘सर, हात माझा ऐकतच नाही,’ म्हणाल्या. सहाव्या खेपेपर्यंत चुका दहाच्या आत आल्या. आलेख काढून झाल्यावर त्या बराच वेळ तो बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘आमच्याकडं पोरं पाटीवर अक्षरं उलटी काढतात. मी ओरडते त्यांना. त्यांचंही हात ऐकत नाही, असंच होत असेल का?’ मी म्हणालो, ‘ताई, मला माहीत नाही. तुम्ही कसं तपासाल?’ पुढच्या महिन्यात त्या एक वही घेऊन आल्या. अकरा मुले, दोन आठवडे, कोणते अक्षर कोणी किती वेळा उलटे काढले, आणि तेच मूल ते अक्षर ओरडल्यावर किती वेळा चुकले आणि न ओरडता किती वेळा. वहीतून निघालेला निष्कर्ष फार मोठा नव्हता. अकरा मुलांवरून काही म्हणता येणार नाही, हेही ताईंनी स्वतःच शेवटच्या पानावर लिहिले होते. पण त्यांनी ओरडणे थांबवले होते. वीस वर्षांच्या नोकरीत समुपदेशनाचा शब्दही न शिकलेल्या माझ्या या विद्यार्थिनीला मी मानसशास्त्राची पदवीधर म्हणायला एका पायावर तयार आहे.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आहे आणि सगळ्यांत मजबूत आहे. मानसशास्त्राचा स्वतःचाच पाया डळमळीत, तो मुलांना कशाला शिकवायचा? २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम लक्षणीय दिसला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोवीजचा खून होत असताना ३८ जणांनी नुसते पाहिले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. तिच्यातले बरेचसे वर्तमानपत्रातले अतिरंजन होते, हे पुढे उघड झाले. शिवाय हे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या विशीतल्या मुलामुलींवर झालेले. त्यांवरून बीडच्या ऊसतोड कामगाराच्या मनाविषयी काय सांगणार?

हे सगळे खरे आहे. पण ते उघडकीला आणले कोणी? मानसशास्त्रज्ञांनीच. आपल्याच शंभर अभ्यासांना आव्हान देऊन त्यातले बहुतेक नापास झाल्याचे जाहीरपणे छापणारे विषय किती आहेत? आणि ‘सगळी माणसे सारखी नसतात’ हा शोधही नवा नाही. बाणांच्या टोकांमुळे दोन सारख्या रेषा लहानमोठ्या दिसतात तो म्यूलर-लायर भ्रम आमच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत असतो. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकांनी १८९८च्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर तो तपासला, तेव्हा तिथल्या लोकांची इंग्रजांपेक्षा कमी फसगत झाली. पुढे ते निलगिरीत तोडा लोकांमध्ये येऊन राहिले आणि त्यांच्यावरही असे प्रयोग केले. डोळ्यांना दिसणे हेसुद्धा माणूस कुठे वाढला यावर ठरू शकते, ही शंका सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या निलगिरीपर्यंत आली होती. पुस्तकातला निष्कर्ष आपल्या गावात लागू पडत नसेल, तर ते तपासायला गावातलीच शिकलेली माणसे लागतील. त्यांनाच विषयाबाहेर ठेवून बीडच्या माणसाचे मन कोणाला कळणार आहे?

आता मायनरबद्दल, कारण खरा घात तिथे होतो आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची रचना आणली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट म्हणजे श्रेयांक आणि त्यातला एक छोटा वाटा मायनरचा. कल्पना चांगली आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीला मानसशास्त्र घेता यावे, याची मी वर्षानुवर्षे वाट पाहिली. पण क्रेडिट कमी म्हटल्यावर कात्री चालवायची कुठे? मी ज्या ज्या बैठकांना बसलो, तिथे कात्री पहिल्यांदा प्रात्यक्षिकांवर आणि मग सांख्यिकीवर चालली. प्रात्यक्षिकाला लहान तुकड्या लागतात, सांख्यिकीला मुले घाबरतात. उरते काय? ताणतणावाचे व्यवस्थापन, व्यक्तिमत्त्व विकास, मानसिक आजारांची लक्षणे. म्हणजे नेमका तोच भाग, जो पुराव्याच्या शिस्तीशिवाय हातात आला की मुले मैत्रिणीला ‘नार्सिसिस्ट’ आणि भावाला ‘बायपोलर’ ठरवू लागतात. बोगस समुपदेशक घडवायचा कारखाना काढायचा असेल, तर हाच अभ्यासक्रम लागेल. माझ्या हातात असते तर मायनरमधून मी मानसिक आजारांचे प्रकरण काढले असते आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नाही हे शिकवणारे प्रकरण ठेवले असते. आधी प्रयोगवही, मग फ्रॉइड.

पुराव्याची शिस्त म्हणजे काय, याचे एक उदाहरण कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी देतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात ‘चक्काचूर होऊन आदळल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले, तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४१ मैलांच्या आसपास आले. ‘एकमेकींना लागल्या’ असे विचारले, तेव्हा ३२ मैलांच्या आसपास. चित्रफीत तीच, क्रियापद वेगळे. पंचनामा लिहिणाऱ्या, साक्ष घेणाऱ्या, उलटतपासणी करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक नको का? त्याला उपचारक व्हायचे नाही. त्याच्यासाठी हे मायनरचे काही क्रेडिट सोन्याच्या मोलाचे आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. हा वाद आपण शाळेपासून ऐकलेला असतो. पण त्याच वेळी जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक तिसरेच काम करत होते. ते अफवा टिपून ठेवत होते. गंगेचे पाणी गायब झाले, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, असल्या अफवा. ते टिपण १९३५ साली इंग्लंडमधल्या नियतकालिकात छापून आले. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर असाच अभ्यास केला, तो १९५२मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही अभ्यास अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञांच्या हाती पडले आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथले लोक आणखी भयंकर संकटाच्या अफवा पसरवत होते. जिथे विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता, तिथे तशा अफवा नव्हत्या. भीती आधी येते आणि मग मन त्या भीतीला शोभेल असे कारण शोधते. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवू पाहतो, या १९५७ साली फेस्टिंगर यांनी मांडलेल्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्ताची एक मुळी अशी आपल्या भूकंपात रुजलेली आहे.

आता १ जुलै २०१८ची तारीख आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर चर्चा झाली, कायद्यावर झाली, पोलिसांवर झाली. घाबरलेल्या गावात अफवा का पिकते, ती कोणाच्या तोंडून खोटी म्हटल्यावर ओसरते आणि कोणाच्या तोंडून म्हटल्यावर उलट पक्की होते, हे जाणणारे किती ग्रामसेवक, किती तलाठी, किती पोलीसपाटील आपण तयार केले? हे लोक कोण असतात? त्यांतले काही तरी काम सांभाळून दूरस्थ पद्धतीने बीए करणारे. त्यांच्याच विषययादीतून आपण मानसशास्त्र खोडले आहे.

‘घेऊन करणार काय?’ हा पालकांचा प्रश्न उरतो. नुसत्या बीएवर मानसशास्त्रज्ञ म्हणून नोकरी मिळत नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट सांगायला हवे आणि अनेक महाविद्यालये ते सांगत नाहीत, हा गुन्हा आहे. पण इतिहासाचा पदवीधर इतिहासकार होतो का? अर्थशास्त्राची बीए झालेल्याला कोणी रिझर्व्ह बँकेत बसवते का? हा प्रश्न एकट्या मानसशास्त्राला विचारला जातो, कारण त्याच्याभोवती आपण डॉक्टरकीची आशा गुंडाळून ठेवली. आणि स्वतःच्या मनातली जखम घेऊन जी मुले या विषयाकडे येतात, दर वर्षी येतात, त्यांना मी जवळ बसवून सांगतो: ये, जरूर ये, पण हा वर्ग म्हणजे उपचार नाही. उपचार हवा असेल तर त्याचा पत्ता वेगळा आहे, तिथे मी तुझ्याबरोबर येईन.

कलकत्त्यात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला त्याच १९१६ साली इकडे धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. शिकवण्याची भाषा त्यांनी मातृभाषा ठेवली. तेव्हाच्या जाणत्यांनी यामुळे पदवीचा दर्जा उतरेल म्हणून नाके मुरडली होती. दर्जाची काळजी वाहणारे आणि दार लावणारे हात बऱ्याचदा एकच असतात, म्हणून दर्जाच्या नावाने दार लावले जाताना मी दचकतो. दर्जा हवा असेल तर मराठीत चांगली प्रयोग-पुस्तिका काढा, तालुक्याला एक फिरती प्रयोगपेटी द्या, परीक्षकाला प्रवासभत्ता द्या. पदवीच्या प्रमाणपत्रावरच ठळक छापा की याच्या आधारे समुपदेशन वा उपचार करता येणार नाहीत. मी आनंदाने त्याखाली सही करीन.

त्या अंगणवाडी ताईंची पदवी सूचना यायच्या आधीच पुरी झाली. यंदा त्यांच्या जाऊबाई आल्या होत्या, प्रवेशअर्ज भरायला. विषयांच्या यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या. ‘सर, यातलं त्याच्या जवळचं कोणतं?’ म्हणून विचारले. मी समाजशास्त्र सुचवले. त्यांनी खूण केली, आणि पिशवीतून अकरा मुलांची ती वही काढून टेबलावर ठेवली. ‘ताई म्हणाल्या होत्या, यंदा तुझ्या अंगणवाडीतली पोरं यात घाल.’